फायबरला हो म्हणा, अटी आपल्या लावा: आमच्या सोसायटीच्या कमिटीला खुलं पत्र

चेअरमन साहेब, सेक्रेटरी काका, खजिनदार वहिनी आणि कमिटीतले सगळेच,

स. न. वि. वि.

मी चौथ्या मजल्यावरची, तुम्ही मला चांगले ओळखता, गणपतीत प्रसादाचं सगळं मीच बघते आणि मेंटेनन्स कधी एक दिवस उशिरा भरलेला नाही. बिल्डिंगमध्ये फायबरचं इंटरनेट घेण्याचा हा विषय मी तीनदा अर्ज देऊन मांडला आणि तिन्ही वेळा ‘बघू’ म्हणून फाईलला लागला, म्हणून आता उघड पत्र लिहितेय. डोंबिवलीत आपल्यासारख्या तीस-तीस वर्षांच्या चार मजली बिल्डिंगी गल्लोगल्ली आहेत आणि बहुतेक ठिकाणी हाच वाद चालू आहे, तेव्हा त्यांच्याही उपयोगी पडेल.

यंदा जूनमध्ये वळवाचा पहिला पाऊस आला ती रात्र आठवा. साडेनऊच्या सुमारास मागच्या मैदानाच्या बाजूला वीज कडाडली आणि सगळ्या बिल्डिंगचं नेट एकदम गेलं. सकाळी मी आणि २०३ मधले काका टेरेसवर गेलो तर पाण्याच्या टाकीमागच्या त्या पत्र्याच्या पेटीतून जळका वास येत होता, आतला स्विच, म्हणजे घराघरात नेट वाटणारा डबा, काळा पडला होता आणि सोळापैकी एकही लाईट लागत नव्हता. खाली पाच घरांमधले राऊटर सुद्धा उडाले, माझा त्यातलाच. आपला आत्ताचा केबलवाला सहाव्या दिवशी आला.

त्या सहा दिवसांत काय काय झालं ते तुमच्यापर्यंत पोचलं नसेल म्हणून सांगते. पहिल्या मजल्यावरच्या आजींचा मुलगा कॅनडात असतो, तो दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल करतो, आजी त्यासाठी शनिवारी रात्री टॅब चार्जिंगला लावून ठेवतात. त्या रविवारी आजी दहा वाजेपर्यंत टॅब मांडीवर घेऊन बसल्या होत्या, मी साखर मागायला गेले तेव्हा बघितलं, मग माझ्या मोबाईलवरून लावून दिला तर चित्र अडकत होतं आणि आवाज तुटत होता, शेवटी त्या म्हणाल्या राहू दे गं, तो ठीक आहे ना तेवढं कळलं. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीचा अकरावीच्या ॲडमिशनचा फॉर्म भरायचा होता, दहा कॉलेजांचा पसंतीक्रम लावायचा, सगळं ऑनलाईन. ती पोरगी तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधल्या लँडिंगवर खिडकीला टेकून बसली होती कारण आख्ख्या जिन्यात मोबाईलला दोन दांड्या फक्त तिथेच येतात. पायरीवर मार्कशीट, मांडीवर आईचा फोन, पेज अर्धं उघडायचं आणि गोल गोल फिरत राहायचं. शेवटी तिच्या बाबांनी तिला स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत नेलं. आणि मी मेडिकल कोडिंगचं काम घरून करते, हॉस्पिटलच्या फाईली वेळेत अपलोड झाल्या नाहीत तर त्या दिवसाचे पैसे कापतात, माझे सहातले चार दिवस कापले गेले.

केबलवाल्याशी माझं भांडण नाही हे आधीच स्पष्ट सांगते. वीस वर्षांचा ओळखीचा माणूस आहे, टीव्हीच्या काळापासूनचा, आणि लॉकडाऊनमध्ये पोरांच्या शाळा त्याच्याच नेटवर चालल्या हे मी विसरलेली नाही. पण त्याची सिस्टीमच आता पुरत नाही. शेजारच्या बिल्डिंगच्या टेरेसवरून आपल्या टेरेसवर तांब्याची लॅन केबल, तिथून स्विच, स्विचमधून प्रत्येक फ्लॅटला वेगळी वायर बाहेरच्या भिंतीवरून लोंबत खाली. तांब्याच्या लॅन केबलची मर्यादा शंभर मीटर, त्यापुढे सिग्नल गळतो, आणि आपल्या मागच्या विंगच्या वायरी मला तरी तेवढ्याला टेकलेल्या वाटतात. शिवाय तांबं वीज वाहून नेतं, म्हणून जवळपास कुठे वीज पडली की उसळलेला करंट त्याच वायरीतून स्विचमध्ये आणि तिथून आपल्या घरातल्या राऊटरमध्ये उतरतो. तेच झालं जूनमध्ये, तेच मागच्या ऑक्टोबरमध्ये झालं होतं. आणि तो टेरेसवरचा स्विच आपल्या कॉमन मीटरवर चालतो हे किती जणांना माहितीये? चोवीस तास, बाराही महिने, बिल अठ्ठावीस घरं मिळून भरतात, ज्यांच्याकडे त्याचं नेट नाही ते सुद्धा.

स्पीडचं म्हणाल तर मी आठ दिवस रोज रात्री नऊ वाजता मोजून वहीत लिहिलंय. चांगल्यात चांगलं ११ एमबीपीएस, वाईटात वाईट १.४. सरकारची ब्रॉडबँडची व्याख्या आधी ५१२ केबीपीएस होती, जानेवारी २०२३ मध्ये ती वाढवून किमान २ एमबीपीएस केली. म्हणजे १.४ वाल्या रात्री आपण ज्याचे पैसे भरतो ते सरकारी व्याख्येतही बसत नाही.

आता फायबर म्हणजे नेमकं काय येणार ते सांगते, कारण मागच्या मीटिंगमध्ये ‘अजून एक वायर’ एवढंच बोलणं झालं. फायबर म्हणजे काचेचा धागा, नुसत्या काचेची जाडी १२५ मायक्रॉन, साधारण केसाएवढी. त्यातून वीज जात नाही, प्रकाश जातो. रस्त्यावरून असा एक धागा आपल्या मीटर रूमपर्यंत येतो, तिथे एक छोटी प्लास्टिकची पेटी बसते, तिच्यात स्प्लिटर असतो, तो एका धाग्यातला प्रकाश वाटून बत्तीस धाग्यांमध्ये देतो. आपले फ्लॅट अठ्ठावीस. म्हणजे एका धाग्यात आख्खी बिल्डिंग बसते आणि चार शिल्लक राहतात. या स्प्लिटरला करंट लागत नाही, ना पंखा ना बॅटरी, म्हणून कॉमन मीटरवर एक युनिट सुद्धा पडणार नाही. लाईट गेली तरी पेटी चालू, फक्त आपल्या घरातला राऊटर इन्व्हर्टरवर पाहिजे. सध्या घरात इन्व्हर्टर असून उपयोग नाही, टेरेसवरचा स्विचच बंद पडतो. सगळीकडे जी पद्धत वापरतात तिच्यात त्या एका धाग्यातून सुमारे २.५ जीबीपीएस खाली येतं, ते बत्तीस घरांत वाटलं आणि सगळे एकाच क्षणी फुल वापरत बसले (असं होत नाही) तरी प्रत्येकाच्या वाट्याला सत्तर एमबीपीएसच्या वर येतं.

मी हे कागदावर वाचून सांगत नाहीये. माझी बहीण ठाकुर्लीत राहते, तिच्या सोसायटीत मागच्या वर्षी फायबर आलं तेव्हा मी मुद्दाम दिवसभर जाऊन बसले. दोन पोरं आली होती, एक मुंब्र्याचा आणि एक बदलापूरचा, पाठीवर सॅक. त्यांनी लँडलाईनच्या जुन्या पाईपातून स्प्रिंग वर सोडली, स्प्रिंगच्या टोकाला केबल बांधून चार मजले ओढून घेतली, कुठेही नवीन भोक नाही. मग जिन्यात पायरीवर रुमाल पसरून त्यावर स्प्लायसिंगचं, म्हणजे धागे जोडायचं मशीन ठेवलं, शिवणाच्या डब्याएवढं. एकाने धाग्याचं वरचं कोटिंग सोललं, स्पिरिटच्या कापसाने पुसलं, क्लीव्हरवर, म्हणजे काच कापायच्या यंत्रावर ठेवून टक्क करून कापलं, दोन्ही टोकं मशीनमध्ये समोरासमोर ठेवून झाकण लावलं, स्क्रीनवर दोन टोकं एकमेकांजवळ सरकताना दिसली, एक बारीकशी ठिणगी आणि दोन काचा एक झाल्या. कापलेला काचेचा तुकडा त्याने चिमट्याने उचलून छोट्या डबीत टाकला, म्हणाला ताई हा पायात गेला तर दिसत नाही आणि निघत पण नाही. शेवटी घरात किती प्रकाश पोचतो ते मोजायचा पॉवर मीटर लावला, वजा एकोणीस आलं, म्हणाला एकदम मस्त, वजा सत्तावीसच्या खाली गेलं की त्रास सुरू होतो. एका घराला पाऊण तास. बहिणीच्या सासूबाईंनी दोघांना पोहे दिले.

आता तुमचे आक्षेप. मी ते खरंच समजून घेतलेत आणि त्यातले दोन मला पूर्ण पटतात.

पहिला, ड्रिलिंग आणि गळती. हा बरोबर आहे. आपण दोन वर्षांपूर्वी वॉटरप्रूफिंग आणि रंगकाम केलं, प्रत्येक फ्लॅटने पासष्ट हजार काढले, कुणी पीएफ मोडून काढले. बिल्डिंगला तीस वर्षं होऊन गेलीत, आता बाय-लॉजप्रमाणे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट लागतं. अशा बिल्डिंगला कुणीही येऊन भोकं पाडायची नाहीत हे मलाही मान्य आहे. पण मग तशी अट लिहून घ्या ना. कॉलम आणि बीमला हात लावायचा नाही. केबल फक्त लँडलाईनच्या जुन्या पाईपातून, तो पाईप प्रत्येक मजल्याच्या पॅसेजमध्ये निघतो, मी स्वतः बॅटरी लावून चारही मजले बघितलेत, तिसऱ्यावर तेवढा तो रंगाने बुजलाय. पॅसेजमधून घरापर्यंत पीव्हीसीची केसिंग पट्टी, भिंतीच्या रंगाची, छताच्या कडेने. घरात शिरायला दरवाजाच्या चौकटीवर विटेच्या भिंतीत एकच बारीक भोक, तेही पॅसेजच्या बाजूने. बाहेरच्या भिंतीला अजिबात नाही. आणि मीटर रूममध्ये केबल जिथून आत येईल तिथलं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडायचं, म्हणजे पाणी आत न येता बाहेर जातं, केबलला भोकाच्या आधी खाली झोळ ठेवायचा आणि सिलिकॉनने बंद करायचं. आजच्या लॅन केबलींसाठी बाहेरच्या भिंतीत किती भोकं आहेत हे एकदा खाली उभं राहून मोजा, मी मोजली, एकेचाळीस. माझ्या बेडरूममधली ओल त्यातल्याच एका भोकाखाली आहे.

दुसरा पटणारा आक्षेप म्हणजे, एक कंपनी आत घेतली की दुसरी येईल, तिसरी येईल, वायरींचं जंगल होईल. होईलच, प्रत्येकीने आपापली पेटी आपापल्या जागी ठोकली तर. म्हणून पाईप आणि पट्टी सोसायटीची असू द्या. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं म्हणून नीट वाचा. आपण एकदाच खर्च करून जिन्यातली वाट आपल्या मालकीची करायची, मीटर रूममध्ये एक भिंत नेमून द्यायची, तिथे दोन-तीन कंपन्यांच्या पेट्या ओळीने बसतील, आणि जो येईल त्याने त्याच वाटेने यायचं. मग कुणाला कुठली कंपनी घ्यायची ते घरोघरी ठरेल, एकीने भाव वाढवला तर माणूस दुसरीकडे जाईल. आत्ताचा केबलवाला फायबरवर आला तर त्यालाही हीच वाट, तोही जगला पाहिजे. एकाच कंपनीला ‘तूच ये, बाकी कुणी नको’ असं कुठलंही लेटर मात्र कृपा करून देऊ नका, मग ती गोड बोलत असली किंवा सोसायटीला सीसीटीव्ही फुकट देते म्हणत असली तरी. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक संस्थेने, जानेवारी २०१७ मध्येच इमारतींच्या आतल्या जागेबद्दल शिफारशी दिल्या होत्या, सगळा रोख याच गोष्टीवर होता की एकाने इमारत अडवून ठेवू नये, आतली सोय सगळ्यांना वाटून वापरता यावी. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ट्रायने नियम काढलेत ज्यात इमारतींना डिजिटल कनेक्टिव्हिटीचे स्टार रेटिंग मिळू शकतं. घर घेणारा माणूस आता पाणी किती वेळ येतं याच्या पाठोपाठ नेट कुठलं हे विचारतो, गेल्या वर्षी ३०४ चा भाडेकरू ह्याच कारणाने दोन महिन्यांत सोडून गेला.

रेडिएशनची भीती ज्यांनी मीटिंगमध्ये मांडली त्यांना माझी विनंती, ती मोबाईल टॉवरबद्दलची चर्चा होती, इथे लागू पडत नाही. धाग्यातला प्रकाश धाग्यातच राहतो. एवढंच की तो डोळ्याला न दिसणारा असतो, म्हणून तुटलेल्या फायबरच्या टोकात डोळा लावून बघायचं नाही, हे पोरांना जरूर सांगा.

रिडेव्हलपमेंट होणारच आहे तर आत्ता कशाला, हा खजिनदार वहिनींचा मुद्दा. वहिनी, २०१६ पासून आपण हे बोलतोय. तेव्हा दुसरीत असलेली पोरं आज कॉलेजात गेली. पेटी आणि केबल कंपनीचा माल, पाडायच्या वेळी काढून नेतील, आपले गेले तर पट्टीचे पैसे जातील. मी दोन इलेक्ट्रिशियनकडून अंदाज घेतलाय, चारही मजल्यांची पट्टी, पाईप साफ करणं आणि मजुरी धरून प्रत्येक फ्लॅटला हजाराच्या आत बसतंय, दोन्ही कागद अर्जाला जोडलेत.

आता जे मला पटत नाही ते. मार्चमध्ये एक कंपनी सर्व्हेला आली होती, त्यांचा माणूस चांगला दोन तास फिरला, आणि आपण त्यांच्याकडे दीड लाख डिपॉझिट आणि महिन्याला पाच हजार भाडं मागितलं. तो परत आला नाही. हिशोब करा, आपल्याकडे समजा पंधरा घरांनी महिना सहाशेचा प्लॅन घेतला तर त्याचे येणार नऊ हजार, त्यातले पाच आपल्याला दिले तर केबल, माणसं, दुरुस्ती हे कशातून करणार, आणि शेवटी ते आपल्याच बिलातून काढणार. सोसायटीचं उत्पन्न वाढावं ही तुमची इच्छा मला कळते, लिफ्टचं काम डोक्यावर आहे, पण हे पैसे सभासदांच्याच एका खिशातून काढून दुसऱ्यात घालण्यासारखं आहे. डिपॉझिट घ्या, परत करण्याच्या अटीवर घ्या, म्हणजे काम झाल्यावर पॅसेज तोडलेला सापडला तर त्यातून दुरुस्ती. भाडं सोडा.

कायदा मी धाक म्हणून सांगत नाहीये, पण माहिती असावी. दूरसंचार कायदा २०२३ आणि त्याखालचे १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेले राईट ऑफ वे नियम, म्हणजे केबल न्यायला वाट देण्याचे नियम, यांत खाजगी जागेसाठी मालक आणि कंपनीने आपसात बोलून करार करायचा असंच धरलंय, म्हणजे अटी घालायचा आपला हक्क शाबूत आहे, तो वापरा. करारात एवढं तरी पाहिजे: ड्रॉप केबल, म्हणजे घरापर्यंत येणारी केबल, आत स्टीलची तार असलेली नको, एफआरपीची (एक प्रकारचं मजबूत प्लास्टिक), म्हणजे धातूच नाही आणि विजेचा प्रश्नच मिटला, प्रत्येक धाग्यावर फ्लॅट नंबरचा टॅग, कनेक्शन बंद झालं की तीस दिवसांत केबल काढून न्यायची, तक्रार आल्यापासून दोन दिवसांत माणूस, आणि काम सकाळी दहा ते सहा, दुपारी दोन ते चार ड्रिल नाही, आजी आणि तान्ही बाळं झोपतात. जुन्या बाहेरच्या वायरी उतरवणं आणि ती एकेचाळीस भोकं बुजवणं हे सगळ्यांची कनेक्शन बदलली की सोसायटीने करायचं, तोपर्यंत नाही, नाहीतर ज्यांना जुनंच ठेवायचंय त्यांची अडचण होईल.

अठ्ठावीसपैकी सतरा घरांच्या सह्या माझ्याकडे आहेत. एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली की महिन्याभरात विशेष सभा बोलवावी लागते, सहकार कायद्यात तसं आहे, आपल्याला त्यासाठी सहा सह्या पुरल्या असत्या. मी तो कागद दिलेला नाही. एकाच जिन्यातून रोज वरखाली करणारी माणसं आपण, नोटिशीने बोलायची वेळ येऊ नये असं मनापासून वाटतं. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायचीच आहे, तिच्या अजेंड्यावर ‘सोसायटीच्या मालकीची फायबर डक्ट आणि सर्व कंपन्यांना समान प्रवेश’ हा विषय घाला, ‘आयत्या वेळचे विषय’ मध्ये नको, तिथे तो रात्री साडेअकराला येतो आणि तोवर निम्म्या खुर्च्या रिकाम्या झालेल्या असतात. विषय आला की मी, २०३ चे काका आणि ४०२ मधला इंजिनियर मुलगा मिळून उभं राहून सगळं समजावून सांगू, अंदाजपत्रक आणि कराराचा मसुदा आम्ही करून देतो, तुम्हाला फक्त तपासायचाय. दुरुस्त्या सुचवा, अटी वाढवा, आम्ही घालू.

सेक्रेटरी काका, येत्या रविवारी सकाळी साडेदहाला मी मीटर रूमपाशी येते, बॅटरी आणि स्प्रिंग घेऊन, इलेक्ट्रिशियनलाही बोलावलंय. तिसऱ्या मजल्यावरचा बुजलेला पाईप आधी मोकळा होतो का ते सगळ्यांसमोर बघून घेऊ. मीटर रूमची चावी वॉचमनकडे नसते, ती तेवढी आठवणीने आणा.

आपली,
चौथ्या मजल्यावरची एक सभासद